मातीच्या महालातले रंग

इजिप्तच्या फॅरोंनी देवांची घरे दगडात बांधली आणि स्वतःची मातीत. म्हणूनच कर्नाकचे प्रचंड खांब आजही उभे आहेत, तर ते उभारणाऱ्या राजांच्या महालांचे बहुतेक ठिकाणी फक्त पायथे उरले आहेत. नाईलच्या गाळात भुसा कालवून उन्हात वाळवलेल्या विटा स्वस्त होत्या, त्यांनी घर थंड राहत असे आणि बांधकामही झपाट्याने होई; मात्र राजा गेला की ती वास्तू ओस पडे आणि पुढच्या शतकांत शेतकरी तिची माती खत म्हणून शेतात नेत.

या महालांपैकी मला सर्वांत बोलका वाटतो तो मलकाता. आजच्या लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर तिसऱ्या आमेनहोटेपने (इ.स.पू. सुमारे १३९० ते १३५२) तो बांधला. राजवटीची तीस वर्षे पूर्ण झाल्यावर होणारा ‘सेद’ हा उत्सव त्याने तीन वेळा साजरा केला आणि मलकाता त्या सोहळ्यांचे मुख्य ठिकाण होते. त्यासाठी शेजारीच एक अवाढव्य कृत्रिम जलाशय खोदण्यात आला; त्यातून उपसलेल्या मातीचे ढीग आजही टेकड्यांसारखे दिसतात.

महालात शिरणाऱ्याला माती मात्र कुठेच दिसत नसे, कारण भिंती, छत आणि जमीन या सगळ्यांवर गिलावा करून चित्रे रंगवलेली होती. जमिनीवर पाणथळ जागेचा देखावा होता: पाण्यात मासे आणि कमळे, काठाच्या पपायरसमधून उडणारी बदके. राजाच्या शयनगृहाच्या छतावर पंख पसरलेल्या गिधाडांची रांग होती, कारण गिधाड हे राजाचे रक्षण करणाऱ्या नेखबेत देवीचे रूप. आणि भिंतींवर घराचे व झोपेचे रक्षण करणारा बुटका देव बेस होता. शेजारच्या दालनाच्या छताचा एक मोठा तुकडा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जोडून ठेवला आहे. त्यावर एकमेकींत गुंतलेल्या सर्पिल रेषांची जाळी असून मधल्या मोकळ्या जागांत बैलांची मस्तके आणि त्यांच्या शिंगांमध्ये फुलासारखी चक्रे रंगवलेली आहेत. तशा सर्पिल नक्षीचे क्रीट बेटावरील कलेशी साम्य आहे. भूमध्य समुद्रापलीकडची आवड थेट राजाच्या दालनापर्यंत पोहोचली होती.

तांबडा आणि पिवळा रंग गेरूवर्गातल्या मातीपासून मिळे, काळा काजळीपासून, पांढरा चुनखडी किंवा जिप्समपासून. निळ्याची गोष्ट वेगळी. लाजवर्द (लॅपिस लाझुली) हा निळा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येई आणि त्याने भिंती रंगवणे परवडणारे नव्हते. म्हणून इजिप्तच्या कारागिरांनी निळा रंग भट्टीत तयार केला. वाळू, चुनखडी, तांब्याचे खनिज आणि थोडा खार एकत्र करून ८५० ते १००० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ तापवले की कॅल्शियम, तांबे आणि सिलिका यांचे निळे स्फटिक तयार होतात. उष्णता फार वाढली तर ते विरघळून काचेसारखा हिरवट गोळा उरे, त्यामुळे तापमापकाशिवाय ज्वाळेच्या रंगावरून भट्टी सांभाळणाऱ्या या माणसांचे कौशल्य थक्क करणारे आहे. पूड भरड ठेवली की गडद निळा मिळे, बारीक दळली की आकाशी.

याच स्फटिकांचा एक गुण आज संशोधकांच्या कामी येतो. त्यांच्यावर साधा दृश्य प्रकाश टाकला तर ते ९१० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात, प्रकाश बाहेर टाकतात. अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यात हे कण लख्ख चमकतात. गिलाव्यावर निळ्याचा मागमूसही दिसत नसला तरी रंगाची हरवलेली रेष पुन्हा वाचता येते.

महालातल्या माणसांचे जीवन मात्र चित्रांपेक्षा मडक्यांच्या खापरांवर अधिक सापडते. मलकातात शाईने लिहिलेल्या खुणांची शेकडो खापरे निघाली. मद्य, मांस, चरबी यांपैकी आत काय आहे, ते कोणाच्या शेतावरून आले आणि राजवटीचे कितवे वर्ष आहे, हे त्यांवर कारकुनांनी घाईच्या अक्षरात नोंदवले आहे. त्यांत तिसावे, चौतिसावे आणि सदतिसावे ही वर्षे पुन्हा पुन्हा येतात. तीन उत्सवांचा काळ पक्का करायला ही खापरे मोठा आधार ठरली.