वीस बोअर की बारा? क्ले नेमबाजीतल्या हलक्या बंदुकीची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीकडे नेमबाजी म्हणजे रायफल किंवा पिस्तूल. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या तरुणाने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि हे समीकरण आणखी पक्कं झालं. हवेत उडवलेली मातीची तबकडी (क्ले) छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडायचे प्रकार, म्हणजे ट्रॅप आणि स्कीट, त्या मानाने मागेच राहिले. अथेन्सला २००४ मध्ये भारताला डबल ट्रॅपमध्ये (एकाच वेळी दोन तबकड्या) रौप्य मिळालं तेव्हा थोडी चर्चा झाली, पण २०१६ नंतर तो प्रकारच ऑलिंपिकमधून गेला. तरीही या खेळाकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या घरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: बारा बोअर खांद्याला जड जाईल, मग वीस किंवा अठ्ठावीस घ्यावी का? बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद. प्रश्न बंदुकीचा वाटतो, पण त्यामागे सर्वांत मोठा हात तीस वर्षांपूर्वी काडतुसाबाबत झालेल्या एका निर्णयाचा आहे.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. नेम धरण्यासाठी सोडल्या जाणाऱ्या जिवंत कबुतरांच्या जागी आधी काचेचे गोळे आले, १८८० च्या सुमारास अमेरिकेत मातीची तबकडी आली, १९०० मध्ये ट्रॅप ऑलिंपिकमध्ये शिरला. स्कीटचा जन्म १९२० च्या दशकातला, तोही अमेरिकेतलाच. ऑलिंपिकमध्ये तो १९६८ ला आला. लहान बोअरचं आजचं आकर्षण या अमेरिकी स्कीटमधून आलेलं आहे. तिथे बारा, वीस, अठ्ठावीस आणि सर्वांत अरुंद ४१० अशा चार बंदुकांच्या वेगवेगळ्या स्पर्धा होतात, प्रत्येकीचा छर्ऱ्यांचा भार ठरलेला असतो. बाराला ३२ ग्रॅम, विसाला सुमारे २५, अठ्ठाविसाला २१ आणि ४१० ला जेमतेम १४. तिकडच्या गप्पा ऐकून इकडे बंदूक निवडणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं, कारण ऑलिंपिकच्या नियमांत असे गट नाहीत. बारा किंवा त्याहून लहान, कोणतीही बोअर आणा, सगळे एकाच रांगेत उभे.

आपल्याकडची वाट वेगळी. संस्थानिक आणि सरंजामदारांच्या वाड्यांतल्या विलायती दुनळ्या बहुतेक बारा बोअरच्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, आणि पाटण, जावळी, शिराळा या डोंगराकडेच्या तालुक्यांत बंदूक उरली ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. त्यामुळे दुकानात काडतुसं बाराचीच, आणि मागणी एलजी, एसजी, चार नंबर अशा मोठ्या छर्ऱ्यांची. एलजीचा एकेक छर्रा नऊ मिलिमीटरच्या आसपास असतो. क्लेसाठी २.६ मिलिमीटरपेक्षा मोठा छर्रा नियमातच बसत नाही. म्हणजे घरात बंदूक आहे, शेजारी काडतूस मिळतं, तरी या खेळासाठी त्यातलं काहीच कामाचं नाही. शिवाय जुन्या विलायती दुनळ्यांचं चेंबर (काडतूस बसायची जागा) अनेकदा ६५ मिलिमीटरचं असतं, आजची काडतुसं ७० ची. काडतूस आत बसतं, म्हणून चालतं असं समजू नये. बार उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला पुढे जागा लागते, ती नसली की दाब धोकादायक वाढतो. अशी बंदूक जाणकाराकडून तपासल्याशिवाय तिला आधुनिक काडतूस लावूच नये.

आता तो निर्णय. ऑलिंपिक प्रकारांत एकेकाळी ३२ ग्रॅमचा भार चालायचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो २८ वर आला आणि बार्सिलोना ऑलिंपिकनंतर, १९९३ पासून, २४ ग्रॅमवर. ट्रॅपच्या मूळ फेरीतल्या तबकड्याही त्याच सुमारास २०० वरून १२५ झाल्या. बाजू घेणारे म्हणत, शिसं कमी लागेल, खर्च उतरेल, खांदा वाचेल. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, पस्तीस मीटरवर पळणाऱ्या तबकडीभोवती छर्ऱ्यांची जाळी विरळ पडेल आणि नेम बरोबर असूनही तबकडी साबूत निघून जाईल. आकडे पाहिले तर भीती रास्तच होती. २.४ मिलिमीटरचे छर्रे ३२ ग्रॅममध्ये चारशेच्या घरात बसतात, २४ मध्ये सुमारे तीनशे.

प्रत्यक्षात गुण कोसळले नाहीत. पुढच्या वर्षांत १२५ पैकी १२५ अनेकांनी केले. याचं श्रेय बरंचसं वॅडला, म्हणजे काडतुसात दारू आणि छर्ऱ्यांच्या मधे असणाऱ्या बुचाला, द्यावं लागेल. १९६० च्या दशकात आलेल्या प्लॅस्टिकच्या वाटीसारख्या वॅडमुळे छर्रे नळीला घासून चपटे होणं कमी झालं, आणि गोल राहिलेला छर्रा सरळ जातो. कमी छर्रे, पण कामाचे जास्त.

या निर्णयाचा दुसरा परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. २४ ग्रॅम हा मुळात वीस बोअरचा नेहमीचा भार. तोच नियमाने बाराला लावल्यावर विसाकडे हलकेपणाचं वेगळं काही उरलं नाही. विसाची नळी आतून १५.६ मिलिमीटर, बाराची १८.५. तेवढेच छर्रे अरुंद नळीत उंच रचावे लागतात, तळाचे जास्त दाबले जातात. धक्क्याचं गणित तर उलटंच निघतं. साडेतीन किलोच्या पुढची ट्रॅपची बारा आणि तीन किलोची वीस, दोन्हींतून तोच भार त्याच वेगाने सोडला तर हलक्या बंदुकीची धक्क्याची ऊर्जा साधारण वीस टक्के जास्त भरते. हातात हलकी लागलेली बंदूक शंभर बारांनंतर खांद्याला जड पडते, ती यामुळे.

म्हणून नवशिक्यासाठी माझा कल स्पष्ट आहे: बाराच घ्यावी, दस्ता अंगाला बेतून घ्यावा आणि काडतूस २१ ग्रॅमचं वापरावं. नियम कमाल भाराचा आहे, किमान भाराचा नाही. २४ वरून २१ वर आलं की त्याच बंदुकीचा धक्का पाचव्या हिश्श्याने किंवा थोडा जास्तच कमी होतो. ज्याच्या हातांना तीन किलोच पेलतात, त्याने वीस जरूर घ्यावी, पण तिलाही २१ चंच काडतूस लावावं. अठ्ठावीस ही स्कीटच्या वीस मीटरच्या आतल्या अंतरांना गोड बंदूक आहे, ट्रॅपसाठी नाही. लहान मुलाच्या हाती ४१० देण्याची पद्धत मला पटत नाही. १४ ग्रॅममध्ये जेमतेम पावणेदोनशे छर्रे, तबकडी फुटत नाही, आणि मूल आठवड्याभरात कंटाळतं.

बोअर बदलणं कागदावरही सोपं नाही. परवान्यावर बोअर लिहिलेली असते, काडतुसं तिच्याच हिशोबाने मिळतात. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आली. खेळाडूंना वेगळी सवलत आहे, पण ज्या घरात आजोबांची दुनळी आणि शेतावरची एकनळी आधीच आहे आणि खेळाडू म्हणून नोंद अजून झालेली नाही, तिथे तिसरी बंदूक बसत नाही. आजोबांची बंदूक जमा करून मुलीसाठी वीस घ्यायची का, हा निर्णय घरात सोपा नसतो. ज्या घरात दोन्ही बोअर आहेत तिथे काडतुसं एका पिशवीत कधीही ठेवू नयेत. विसाचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, दिसत नाही, मागून बाराचं भरलं की नळी फुटते. विसाच्या काडतुसाचा रंग पिवळा ठेवतात तो यासाठीच.

आता शिशाचा मुद्दा पुढे आला आहे. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी शिशाचे छर्रे बंद केले आणि खेळातल्या वापरावरही तिथे वाद चालू आहे. पोलाद शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला सुमारे चाळीस टक्के जास्त जागा खातं. बाराच्या काडतुसात ही जागा निघते. विसात ओढाताण होते, अठ्ठाविसात त्याहून जास्त. पोलादाचे छर्रे जुन्या मऊ नळ्यांना चालत नाहीत, तेव्हा वाड्यातल्या दुनळ्या त्या हिशोबातूनही बाहेरच राहतात.