आपला बोलला तर भावना, त्यांचा बोलला तर माज

२४ ऑगस्ट २०२१, मंगळवार. शनिवार पेठेत मामाकडे टीव्ही फुल्ल आवाजात चालू, भाजपचे नारायण राणे यांना अटक झालेली, नाशिक, पुणे, महाड असे ठिकठिकाणी गुन्हे दाखल, आणि इकडे चहा गार होतोय पण मामा आणि माझा मेव्हणा थांबायला तयार नाहीत. राणे काय म्हणाले होते ते बहुतेकांना आठवत असेल, स्वातंत्र्याला किती वर्षं झाली हे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना दुसऱ्याला विचारून घ्यावं लागलं, मी तिथे असतो तर कानाखाली वाजवली असती, अशा अर्थाचं. मामा जुना शिवसैनिक, तो लालेलाल. "मुख्यमंत्र्याला मारायची भाषा? अटक झालीच पाहिजे." मेव्हणा भाजपवाला, तो म्हणाला, "मामा, कोकणी माणसाची बोलायची पद्धत आहे हो ती, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय."

मग थोड्या वेळाने मेव्हण्याच्या मोबाईलवर २०१८ सालची क्लिप आली. पालघर पोटनिवडणुकीच्या वेळची. योगी आदित्यनाथांनी शिवरायांना हार घालताना पायातलं काढलं नाही, त्याच चपलेने त्यांना मारावंसं वाटलं, असं उद्धव ठाकरे बोलले होते. आता बघा गंमत. मेव्हणा ताडकन सरळ बसला, "ही काय भाषा झाली? एका राज्याच्या मुख्यमंत्र्याला?" आणि मामा एकदम शांत, समजुतीच्या आवाजात, "जावईबापू, महाराजांचा विषय होता तो. भावना असतात माणसाच्या."

अर्ध्या तासात दोघांनी खुर्च्या न बदलता बाजू बदलल्या. आणि दोघंही खोटं बोलत नव्हते, हे महत्त्वाचं. त्यांना खरंच तसं दिसत होतं.

खरंच तसं दिसतं का, हे तपासणारा एक जुना प्रयोग आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन युनिव्हर्सिट्यांची फुटबॉल मॅच झाली, म्हणजे त्यांचा तो हेल्मेटवाला फुटबॉल, आणि ती इतकी राडेबाज झाली की प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या पोरांना मॅचची तीच फिल्म दाखवली आणि सांगितलं, फाऊल मोजा. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथचे फाऊल आपल्या टीमच्या दुपटीहून जास्त दिसले. डार्टमथच्या पोरांना दोन्ही टीम साधारण सारख्याच दिसल्या. फिल्म तीच, पडदा तसलाच, मोजायचं काम पण साधं. पेपर १९५४ ला छापून आला आणि आजही या विषयावर बोलताना लोक इथूनच सुरुवात करतात.

पण मॅच म्हणजे भावनेचा मामला, धोरणाबद्दल तरी माणूस डोकं वापरत असेल ना? जेफ्री कोहेनने २००३ मध्ये छापलेले प्रयोग नेमके यावरच आहेत. गरिबांना सरकारी मदत किती द्यावी याच्या दोन योजना, एक एकदम उदार, दुसरी एकदम कंजूष. काहींना सांगितलं की ही डेमोक्रॅट पक्षाची आहे, काहींना सांगितलं रिपब्लिकनची. लोकांनी योजनेत काय लिहिलंय यापेक्षा शिक्का कुणाचा हे बघितलं, म्हणजे उदारमतवादी पोरांनी आपल्या पक्षाचा शिक्का बघून कंजूष योजनेला मान डोलावली आणि परंपरावादी पोरांनी आपला शिक्का बघून उदार योजनेला. वर विचारलं की तुम्ही कशावरून ठरवलंत, तर म्हणे मजकुरावरून. समोरच्या पक्षाचे लोक शिक्का बघून ठरवतात, हेही त्यांनी सांगितलं.

या शेवटच्या वाक्यावर मी जरा थांबलो होतो, कारण हे आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज घडतं.

२००४ च्या बुश विरुद्ध केरी निवडणुकीत ड्रू वेस्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या टीमने तर कट्टर समर्थकांना थेट एमआरआय मशीनमध्ये झोपवलं, १५ या बाजूचे, १५ त्या बाजूचे, आणि दोन्ही नेत्यांची एकमेकांना छेद देणारी स्टेटमेंट्स दाखवली. समोरच्याचा विरोधाभास सगळ्यांना झटकन दिसला, आपल्याचा दिसला नाही, आणि त्या वेळी थंड डोक्याने हिशोब करणारा मेंदूचा भाग फारसा जागा झाला नाही, भावनेचे भाग झाले. हा प्रयोग वर्तमानपत्रांना फार आवडला. मला तो जरा बेतानेच घ्यावासा वाटतो, फक्त ३० माणसं, सगळे पुरुष, आणि मेंदूचा अमुक भाग पेटला म्हणजे तमुक भावना होती हे उलटं अनुमान तसं कच्चंच असतं.

पुण्यात राहणाऱ्याला जास्त झोंबेल असा प्रयोग डॅन कहानचा, २०१३ सालचा. हजारावर लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. एका गटाला सांगितलं की हे त्वचेच्या क्रीमचे आकडे आहेत, गणितात पक्के असलेल्यांनी बरोबर उत्तर काढलं. दुसऱ्या गटाला तेच आकडे बंदूकबंदीचे म्हणून दिले. आता गणितात हुशार असलेले लोक जास्त भांडायला लागले, कारण उत्तर आपल्या मताच्या विरुद्ध आलं की हुशारी तक्त्यात खोट काढण्याच्या कामी लागते आणि मनासारखं आलं की तीच हुशारी आरामात बसते. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक आला नाही, तेव्हा याची फार मोठी गुढी उभारू नका, पण "आम्ही शिकलेले, आम्ही काही फॉरवर्डवर विश्वास ठेवणारे नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदा हा तक्ता द्यावा असं मला वाटतं. मलाही द्यावा.

आणि हो, ही खोड कुठल्या एका बाजूची नाही. पीटर डिट्टो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये असे ५१ प्रयोग एकत्र करून बघितले, १८ हजारांवर माणसं, डावे आणि उजवे जवळपास सारखेच पक्षपाती निघाले. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अमेरिकेत असेल."

वक्तव्यांचं झालं, आता सरकार कसं बनतं त्याकडे वळतो, कारण तिथे हाच खेळ शब्दांचा होतो. आपल्यांनी निकालानंतर हातमिळवणी केली की ती स्थिर सरकारसाठीची तडजोड, त्यांनी केली की खुर्चीसाठी अभद्र युती. आपलं सरकार अल्पमतात असलं की "बाहेरून पाठिंबा आहे ना", त्यांचं असलं की "जनादेशाचा अपमान". २००७ मध्ये आपल्याच पुणे महापालिकेत काँग्रेसला बाजूला ठेवायला राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप एकत्र आले होते, त्याला कुणी अभद्र म्हटलं, कुणी कौतुकाने "पुणे पॅटर्न" म्हटलं, आणि कोण काय म्हणतंय हे ऐकून मत कुणाला दिलंय ते कळायचं.

मुळात अल्पमतातलं सरकार म्हणजे काहीतरी बेकायदा किंवा आजारी प्रकार, असं आपल्या डोक्यात बसलंय. तसं नाहीये. घटनेच्या १६४ व्या कलमात एवढंच आहे की मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील. म्हणजे सभागृहात हरू नका, बस. आणि हरणं-जिंकणं हजर राहून मत देणाऱ्यांवर ठरतं. २०१४ च्या आपल्या विधानसभेचंच घ्या, भाजप १२२, शिवसेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१, एकूण २८८, बहुमत १४५. आता समजा ४१ जणांनी मतच दिलं नाही, तर उरले २४७ आणि लागणारा आकडा १४५ वरून १२४ वर येतो. १२२ वाल्याला दोन-चार अपक्ष बास झाले. न बोलता, न मंत्रिपद घेता, फक्त गप्प बसून सरकार वाचवता येतं. प्रत्यक्षात १२ नोव्हेंबरला ठराव आवाजी मतदानाने झाला, मोजदाद झालीच नाही, त्यावरून सभागृहात जो गोंधळ झाला तो वेगळा, आणि ५ डिसेंबरला शिवसेना विरोधी बाकांवरून उठून सरकारात आली.

स्वीडनमध्ये तर हे नियमातच आहे. तिथे पंतप्रधान व्हायला बहुमत लागत नाही, विरोधात बहुमत नसलं की झालं. २४ नोव्हेंबर २०२१ ला मॅग्डालेना आंदेरसन यांना बाजूने मतं पडली ११७ आणि विरोधात १७४, आणि त्या निवडून आल्या, कारण अडवायला १७५ लागतात. काही तासांत मित्रपक्ष बाहेर पडला, त्यांनी राजीनामा दिला, पाच दिवसांनी एकट्या पक्षाचं अल्पमतातलं सरकार घेऊन परत आल्या. कोरे स्ट्रोम या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९९० मध्येच दाखवून दिलं होतं की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या संसदीय लोकशाह्यांमध्ये साधारण एक तृतीयांश सरकारं अल्पमतातलीच होती. आपल्याकडे १९९१ ची उदारीकरणाची धोरणं नरसिंह रावांच्या अशाच सरकारने आणली. अर्थात जुलै १९९३ चा अविश्वास ठराव २६५ विरुद्ध २५१ असा हाणून पाडताना पुढे लाच प्रकरणाचा डाग पण लागला, घोडेबाजाराची भीती काही हवेतली नाही.

आता माझा आवडता भाग. लॉइड शेपली आणि मार्टिन शुबिक यांनी १९५४ मध्ये विचारलं, कुठल्या पक्षाच्या हातात खरी ताकद किती? जागा मोजू नका, किल्ली मोजा. चार पक्षांच्या चार चिठ्ठ्या करा, एकामागून एक मांडा, आणि बघा कोणाची चिठ्ठी पडल्यावर बेरीज १४५ पार जाते. त्याच्या हातात किल्ली. चार चिठ्ठ्या २४ प्रकारे मांडता येतात. मी २०१४ चे आकडे घेऊन मामाच्या डायनिंग टेबलवर मांडल्या (अपक्ष आणि छोटे पक्ष बाजूला ठेवले, त्यांनी गणित थोडं हलतं). १२२ ला ६३ चालतो, ४२ चालतो, ४१ पण चालतो, आणि ६३, ४२, ४१ तिघं मिळून १४६, म्हणजे जेमतेम पण होतात. २४ पैकी १२ वेळा किल्ली मोठ्याकडे, आणि उरलेल्या तिघांकडे प्रत्येकी ४ वेळा. म्हणजे ६३ वाला आणि ४१ वाला सारखेच! राष्ट्रवादीने निकालाच्या दिवशीच बाहेरून पाठिंबा जाहीर केल्यावर शिवसेनेची घासाघीस एकदम का ढिली पडली, ते या २४ ओळींत दिसतं. २०१९ चे आकडे घ्या, भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. परत तंतोतंत तेच, १२, ४, ४, ४. मोठ्याच्या १७ जागा कमी झाल्या पण किल्ली एकही कमी झाली नाही, फक्त या वेळी बाकीचे तिघं खरंच एकत्र आले.

पक्षपात कमी करायचा एक उपाय त्यातल्या त्यात चालतो असं दिसलंय. १९८४ मध्ये लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन यांनी काही लोकांना नुसतं सांगितलं की निष्पक्ष राहा, त्याचा उपयोग शून्य. काहींना सांगितलं की हाच पुरावा उलट बाजूने आला असता तर तुम्ही काय म्हणाला असता ते मनात आणा, त्याचा झाला.

मग मी तेच केलं. २०१९ चे आकडे निम्मे केले आणि मामाला आणि मेव्हण्याला सांगितलं, कुठल्यातरी राज्यात १४४ जागा आहेत, क पक्षाला ५२, ख ला २८, ग ला २७, घ ला २२, सरकार कोणी करावं? मामा लगेच म्हणाला, "क ने. सगळ्यात मोठा आहे, लोकांनी त्याला निवडलंय." मेव्हणा म्हणाला, "असं कुठे असतं मामा, ख, ग, घ मिळून ७७ होतात, बहुमत ७३. ज्याच्याकडे आकडा त्याचं सरकार."

मी चिठ्ठ्या उलटल्या, मागे नावं लिहिली होती. मेव्हणा दोन सेकंद गप्प, मग म्हणाला की क आणि ख आधी युती करून लढले होते हे तू सांगितलंच नाहीस. आक्षेप बरोबर होता, मी मान्य केला, निवडणुकीआधीची युती मोडणं ही वेगळी गोष्ट आहेच. फक्त तो नियम नावं दिसायच्या आधी कुणालाच आठवला नव्हता, विचारला पण नव्हता.

मामाने चष्मा काढून चिठ्ठ्या परत एकदा नीट लावल्या, ख ची चिठ्ठी हातात धरून बघितली आणि माझ्यावरच चिडला. "आधी नावं सांगितली असतीस तर जरा विचार करून उत्तर दिलं असतं ना."