गव्हाची सेझों

सेझों : बेल्जियमच्या फ्रेंचभाषक वालोनिया भागातील, मुख्यतः एनो प्रांतातील शेतघरांची बिअर. फ्रेंचमध्ये सेझों म्हणजे हंगाम. रंगाने फिकी, भरपूर फेसाची, चवीला कोरडी आणि वासाला लवंग-मिरीकडे झुकणारी ही एल आहे. म्हणजे तिचे यीस्ट उबदार तापमानात काम करते आणि आंबताना वर येते. जवाच्या माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याला, गव्हाची सढळ जोड देऊन आणि अल्कोहोल ३.५ ते ५ टक्क्यांच्या आत ठेवून केलेली हलकी सेझों हा या नोंदीचा विषय. ती कशी चाखावी, तिच्यात काय शोधावे आणि इंदूरच्या मराठी जिभेला ती कशी लागते, यावर येथे भर दिला आहे.

उगम

परंपरेने सांगतात ते असे. एनोच्या शेतांवर हिवाळ्यात कामे कमी असत. तेव्हा घरच्या धान्याची बिअर करून ठेवायची आणि उन्हाळ्यात येणाऱ्या हंगामी मजुरांना ती द्यायची. दिवसभर पिऊनही हात चालला पाहिजे म्हणून ती हलकी. महिनोन्‌महिने टिकली पाहिजे म्हणून तिच्यातली साखर जवळपास पूर्ण आंबवलेली आणि हॉप्सही, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले, बऱ्यापैकी घातलेले. हिवाळाच का, तर थंड करण्याची यंत्रे नव्हती तेव्हा उन्हाळ्यात लावलेली बिअर हमखास नासे. कथा पटण्यासारखी आहे, पण शेतांवरच्या लेखी नोंदींचा तिला आधार तोकडा आहे. शिवाय लिएजसारख्या शहरातही सेझों नावाची बिअर बनत असे. त्यामुळे तिला निखळ शेतकऱ्याचे पेय म्हणणे जरा धाडसाचे ठरेल.

आज नमुना मानतात ती तूर्प गावच्या ड्युपाँ ब्रुअरीची सेझों. तिथल्या शेतावर १८४४ पासून बिअर होत आली आहे. मुलगा लुई शेतीसाठी कॅनडाला निघाला होता, त्याला घराजवळ ठेवावे म्हणून आल्फ्रेद ड्युपाँ यांनी १९२० साली हे शेत आणि ब्रुअरी विकत घेतली. तिची बिअर ६.५ टक्क्यांची आहे, म्हणजे आपल्या हलक्या प्रकाराहून बरीच कडक. गव्हाच्या दृष्टीने अधिक जवळची आहे ती ब्लोझी गावातल्या, १९८८ मध्ये सुरू झालेल्या छोट्या ब्रुअरीची ‘सेझों देपोत्र’. तिच्यात स्पेल्ट हा जुन्या जातीचा गहू घालतात. आपल्या खपलीचा तो लांबचा भाऊ. दोघांचाही दाणा मळणीनंतर टरफलातच राहतो.

हिची गल्लत बहुधा बेल्जियमच्याच ‘विटबिअर’शी होते. विटबिअर ही हूगार्डन गावची. तिथली शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद पडली आणि १९६६ मध्ये पिअर सेलिस यांनी ती बिअर पुन्हा सुरू केली. तिच्यात निम्म्याच्या आसपास माल्ट न केलेला गहू, धणे आणि संत्र्याची साल असते. सेझोंमध्ये मसाला घालणे सक्तीचे नाही, पुष्कळदा तो नसतोच. मसाल्याचा भास यीस्टमुळे होतो, आणि चाखताना हा फरक ओळखता येणे ही पहिली पायरी.

गहू आणि यीस्ट

गहू बिअरला तीन गोष्टी देतो : धूसरपणा, टिकणारा फेस आणि तोंडात जाणवणारा मऊपणा. तिन्हींच्या मुळाशी त्यातली प्रथिने आहेत. मात्र नेहमीच्या गव्हाला मळणीनंतर टरफल उरत नाही आणि जवाला असते. माल्टचे पीठ गरम पाण्यात भिजवून गोड रस गाळायचा असतो तेव्हा जवाची टरफलेच गाळणीचे काम करतात. गहू वाढला की लगदा चिकट होऊन रस उतरत नाही. म्हणून ब्रुअर त्यात भाताचे तूस मिसळतात. चवीत त्याचे काही उतरत नाही, वाट तेवढी मोकळी होते.

इंदूरकराला इथे एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे : माळव्याचा गहू चालेल का? माळव्याच्या काळ्या जमिनीतल्या ओलीवर येणारा मालवी गहू, ज्याला कठिया म्हणतात, तो बाफले (उकडून भाजलेल्या बाट्या) आणि लाडवांसाठी लौकिकाचा आहे. इंदूरच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या प्रादेशिक केंद्राने त्याच्या अनेक सुधारित जाती दिल्या, मालवशक्ती, पोषण आणि पूसा तेजस या त्यांतल्या. पण बिअरला हवा असतो मऊ दाण्याचा, कमी प्रथिनांचा गहू, आणि कठिया नेमका उलट : दाणा काचेसारखा कडक, प्रथिने भरपूर. थोड्या प्रमाणात तो फेसाला मदत करील. सगळा भार त्याच्यावर टाकला तर बिअर गढूळ आणि गाळायला त्रासाची होईल. चपातीचा लोकवन त्यापेक्षा सोयीचा.

लवंगेचा वास मात्र गहू आणि यीस्ट मिळून घडवतात. गहू आणि जव यांच्या पेशींच्या भिंतीत फेरुलिक आम्ल असते. भिजवणीचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास काही वेळ धरले की ते मोकळे होते. सेझोंचे यीस्ट त्याचे रूपांतर ४-विनाइलग्वायकॉल या संयुगात करते, आणि नाकाला ते लवंगेसारखे लागते. त्याच यीस्टने केलेली एस्टर संयुगे केळे, पेअर, संत्रे यांची आठवण देतात. बहुतेक एल १८ ते २२ अंशांवर आंबवतात. हे यीस्ट २५ ते ३२ अंशांवर, कधी त्याहून वरही, मजेत काम करते. इंदूरच्या उन्हाळ्यात इतर बिअरला जो उकाडा जाचतो, तो हिला फारसा जाचत नाही. सेझोंच्या अनेक यीस्टांत आणखी एक गुण असतो : इतर यीस्टांना न पचणाऱ्या लांब साखळीच्या साखराही ती तोडतात. त्यामुळे मागे गोडी उरत नाही. कोरडेपणाचे सगळे रहस्य एवढ्यात आहे.

आस्वाद

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा असावा, पोटाशी फुगीर आणि ओठाशी आवळलेला. तो वास धरून ठेवतो. साबणाचा अंश राहिलेल्या ग्लासात फेस मिनिटभरात बसतो. विजयनगरकडच्या एका ठिकाणी माझ्या बाबतीत हे झाले, आणि दोष बिअरला दिला गेला. नुसत्या पाण्याने विसळलेल्या दुसऱ्या ग्लासात तीच बिअर बोटभर फेस धरून उभी राहिली. तेव्हापासून आधी ग्लास उजेडाकडे धरून पाहतो. ओतल्यावर आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तर तो स्वच्छ नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. आपल्याकडे बिअर दात शिवशिवतील इतकी गार देतात. त्या थंडीत सेझों मुकी होते. तिला ७ ते १० अंश मानवतात. म्हणून पहिला घोट घेऊन ग्लास पाच-सात मिनिटे तसाच ठेवावा आणि मग पुन्हा नाकाशी न्यावा. माळव्याची रात्र लवकर निवते, ‘शब-ए-मालवा’ची कीर्ती त्यामुळेच, मे महिन्यात गच्चीवर आठनंतर बसले तर बिअर आपल्या गतीने उबदार होत जाते आणि दर घोटाला वेगळे काही सांगते.

मग वास. ग्लास एकदा गोल फिरवून दोन छोटे श्वास घ्यावेत. लांब श्वासाने नाक लगेच थकते. सर्वांत आधी धान्य येते. इथे आपल्या घरातली एक आठवण फार उपयोगी पडते, ती कुरडयांची. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर अशा भागांतल्या मराठी घरांत उन्हाळ्याचे वाळवण अजून होते. गहू तीन दिवस भिजत घालतात, पाणी रोज बदलतात, मग वाटून चीक काढतात. तिसऱ्या दिवशी पातेल्यावरचे झाकण काढले की दुधाळ, किंचित आंबूस, कच्च्या गव्हाचा जो वास येतो, त्याचीच सौम्य सावली या बिअरच्या फेसाखाली असते. कुरडया घालणाऱ्या एका आत्यांनी ग्लास नाकाशी नेताच म्हटले होते, “अरे, हिला तर चिकाचा वास येऊन राहिलाय!” चव पारखणाऱ्यांच्या पाश्चात्त्य तक्त्यांत पाव आणि पिठाचे शब्द आहेत, चिकाचा नाही. आपण तो निःसंकोच वापरावा, कारण तो जास्त नेमका आहे.

धान्यामागून लवंग येते. तिची मात्रा ओळखायला साखरभात आठवावा : तुपात फुललेली लवंग भाताच्या वाफेबरोबर जशी हळूच येते, तशी ती यायला हवी. दात दुखताना लावायच्या लवंगेच्या तेलासारखी उग्र आली, तर आंबवण्यात तोल गेला आहे. पिकलेल्या केळ्याचा वास असला तर मागेच असावा. तो पुढे आला की बिअर जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरकडे झुकते.

जिभेवर आधी फेस चुरचुरतो, आणि तो भरपूर हवा. सेझों सपक झाली की संपली. मग गव्हाचा मऊपणा, हलकी लिंबासारखी धार, आणि शेवटी हॉप्सचा कडवटपणा. तो कारल्याचा कडूपणा नव्हे, मेथीच्या कोवळ्या पानांचा. घोट गिळल्यावर तोंड कोरडे आणि स्वच्छ राहते, ओठांना चिकट लागत नाही. हा शेवट मला तिचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. ३.५ टक्क्यांच्या बिअरमध्ये पातळपणा न जाणवू देता हा कोरडेपणा आणणे कठीण असते, आणि तिथे गहूच ब्रुअरला सांभाळतो.

दोष

धूसरपणा हा दोष नाही. पुष्कळ जण पहिल्यांदा पाहून बिअर नासल्याची शंका घेतात. गव्हाची प्रथिने आणि तरंगते यीस्ट यांचा तो परिणाम असतो. खरे दोष वेगळे. उकडलेल्या कणसाचा वास आला तर रस पुरेसा उकळला नाही किंवा लवकर गार केला नाही असे समजावे. भुट्ट्याच्या किसाच्या शहरात हा वास ओळखायला कुणाला शिकवावे लागत नाही. लोण्याचा वास आंबवणे अर्धवट राहिल्याची खूण असते, ओल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागल्याची. दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास पाण्याशी निगडित आहे : नळाच्या पाण्यातला क्लोरीन बिअरमधल्या फिनॉलांशी जुळला की तो उमटतो. इंदूरचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेवरून चढवून येते आणि शुद्ध करूनच पुरवले जाते. त्यातला क्लोरीन काढल्याशिवाय ही बिअर करू नये, कारण लवंगेचा गुण देणारी संयुगे तीच आणि बिघडणारीही तीच.

इंदूरच्या खाण्याबरोबर

मध्य प्रदेशात मद्यपानाचे वैध वय २१ आहे आणि मायक्रोब्रुअरीला परवाना मिळतो, म्हणून इंदूर आणि ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना टॅपवरची ताजी बिअर मिळू शकते. बडोद्याच्या आप्तांना ती सोय नाही. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे.

सोबतीला काय घ्यावे याबद्दल माझे मत ठाम आहे. लोण्याचा गोळा घातलेले थालीपीठ सर्वांत चांगले : भाजणीचा खमंगपणा आणि गव्हाची बिअर एकमेकांना धरून राहतात, आणि फेस लोणी कापून काढतो. भुट्ट्याचा कीसही छान जमतो, दुधात शिजलेल्या कोवळ्या मक्याची गोडी बिअरचा कोरडेपणा सुखाचा करते. हिवाळ्यात तळलेला गराडू हा कंद घ्यावा, पण वर जिरावन हा इंदुरी कोरडा मसाला चिमूटभरच. काळे मीठ आणि हिंग सढळ पडले की बिअर नुसते पाणी वाटते. लवंगशेव हाताशी असतेच आणि मोह होतो, कारण दोन्हींत लवंग आहे. पण तिथेच गडबड होते : शेवेतली खरी लवंग आणि मिरी यीस्टची नाजूक लवंग गिळून टाकतात, आणि ग्लासात तिखट सोडा उरतो. साधी बारीक शेव घ्यावी. जिलबी तर लांबच ठेवावी. पाकाच्या गोडीनंतर हीच बिअर आंबट आणि कडू लागते, आणि पुढचे दोन घोट त्यात वाया जातात.