यात्रेची गाडी, टूरवाला आणि भरपाई

नाशिकची यात्रामंडळी रामेश्वरला निघाली की सोबत आचारी, शिधा आणि कढया आल्याच. 26 ऑगस्ट 2023 च्या पहाटे मदुराईच्या यार्डात उभ्या असलेल्या अशाच एका पर्यटक डब्यात लपवून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली. लखनौहून निघालेल्या त्या डब्यातली नऊ माणसं गेली. डबा रेल्वेचा, आरक्षण टूरवाल्याचं, सिलिंडर डब्यातल्याच मंडळींचा. मग जबाबदार कोण?

हा घोळ जुना आहे. 1865 साली थळ घाटातून (आपल्या भाषेत कसारा घाट) गाडी वर आली, तेव्हा अपघातात माणूस दगावला तर वारसांना आधार होता तो 1855 च्या कायद्याचा, आणि त्यात कंपनीची चूक वारसांनीच सिद्ध करायची. 37 फुटांना एक फूट चढाच्या घाटात ब्रेक का लागला नाही, हे इगतपुरीकडच्या एखाद्या विधवेने कोर्टाला कसं दाखवावं? 1943 मध्ये रेल्वे कायद्यात कलम 82अ आलं. चूक कोणाची हे न बघता भरपाई, पण कमाल 10,000 रुपये. 1989 च्या कायद्यात तेच तत्त्व कलम 124 मध्ये आलं. 1994 मध्ये 124अ जोडलं गेलं आणि गाडीतून पडणं, दरोडा, दंगल हेही भरपाईत बसलं.

मृत्यूची रक्कम 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख आहे. नाशिकला थांबणाऱ्या डेक्कन ओडिसी या आलिशान गाडीचा पाहुणा असो की पॅसेंजरमधला भाजीवाला, आकडा तोच. वारसा गाड्यांनाही वेगळा कायदा नाही. सप्टेंबर 2015 मध्ये कालका–शिमला मार्गावर ब्रिटिश पर्यटकांनी खास घेतलेली गाडी घसरून दोघे दगावले. माथेरानची राणी मे 2016 मध्ये दोनदा घसरली आणि सेवाच बंद ठेवावी लागली.

खरी गुंतागुंत 2021 च्या भारत गौरव धोरणानंतरची, म्हणजे टूरवाल्यांना रेल्वेच्या पर्यटक गाड्या चालवायला देण्याच्या धोरणानंतरची. पहिली गाडी जून 2022 मध्ये कोइंबतूरहून साईनगर शिर्डीला आली. भाडं, जेवण, दर्शन टूरवाल्याकडे. इंजिन, सिग्नल, रूळ रेल्वेकडे. त्यामुळे गाडी घसरली तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, नाशिकरोडहून त्र्यंबकला नेणारी बस आदळली तर मोटार अपघात न्यायाधिकरण, आणि टूरवाल्याने कबूल केलेली सोय दिली नाही तर ग्राहक आयोग. माहितीपत्रक मात्र एकच, आणि त्यात यातलं अवाक्षर नसतं.

सिलिंडरचं म्हणाल, तर रेल्वे कायद्याच्या कलम 164 नुसार तो नेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय नुकसानही त्याच्याच माथी. तिकिटाबद्दल 2018 च्या रीना देवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मृताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा बुडत नाही. तो प्रवासीच होता हे वारसांनी आधी शपथपत्रावर सांगायचं. यात्रेच्या डब्यात तर सगळ्यांची तिकिटं बहुधा टूर मॅनेजरच्याच फाइलीत असतात.