कॉलेजच्या खेळाडूला वाली कोण? अमेरिकेतली सत्तर वर्षांची टोलवाटोलवी

आपल्याकडे क्रिकेटपटू घडतो तो क्लबात, मग जिल्ह्याच्या आणि राज्याच्या संघात. कॉलेज असतं ते बहुतेकदा हजेरीपुरतं. अमेरिकेत फुटबॉल (त्यांचा, हेल्मेट घालून खेळायचा) आणि बास्केटबॉल या दोन खेळांत व्यावसायिक संघाकडे जाणारा नेहमीचा रस्ता कॉलेजातूनच जातो. म्हणून तिथे एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूचं करिअर कोसळलं की पहिला प्रश्न कॉलेजला विचारला जातो. कॉलेजचं उत्तरही ठरलेलं असतं: तो आमचा विद्यार्थी होता, नोकर नव्हता. हे उत्तर कायद्याच्या एका जुन्या भांडणातून आलं आहे आणि ते भांडण आजही मिटलेलं नाही.

कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेचा जन्म मुळात मैदानावरच्या मृत्यूंमुळे झाला. त्या काळी फुटबॉलमध्ये इतकी मुलं दगावत आणि जायबंदी होत की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी संघटना उभी राहिली आणि १९१० मध्ये तिला आजचं नाव मिळालं. खेळाडूचा जीव वाचवणं हे तिचं पहिलं काम होतं. खेळाडूला पैसे द्यायचे नाहीत हे तत्त्व कागदावर होतं, प्रत्यक्षात टेबलाखालून सगळं चालत होतं. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने ते चव्हाट्यावर आणलं, तरी फारसं काही बदललं नाही. शेवटी १९५६ पासून संघटनेने खेळासाठीच्या शिष्यवृत्तीला उघड परवानगी दिली.

इथेच पेच पडला. खेळण्याबद्दल मोबदला मिळत असेल, तर तो खेळाडू कामगार नाही का? आणि कामगार असेल, तर कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाने द्यायला नको का?

हा प्रश्न काल्पनिक नव्हता. डेन्व्हर विद्यापीठाचा खेळाडू अर्नेस्ट नेमेथ १९५० मध्ये सरावात जखमी झाला होता. कॉलेजने त्याला टेनिस कोर्ट साफ ठेवण्याचं काम दिलं होतं, पण ते काम टिकून होतं ते फुटबॉल खेळण्यावर. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामगार मानून भरपाई मंजूर केली. त्याच राज्यात १९५५ मध्ये फोर्ट लुइस या छोट्या कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीनेही भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने ती नाकारली. कारण काय, तर हे कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही.

या दोन निकालांच्या मधल्या काळात एनसीएएचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दप्रयोग रूढ केला. कॉलेजांवर कामगार भरपाईचे दावे येतील या धास्तीने तो घडवला आणि सगळ्या नियमांत पेरला, हे त्यांनी पुढे १९९५ मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलं. ज्याने कुंपण घातलं त्यानेच निवृत्तीनंतर ते का घातलं हे सांगावं, असं क्वचितच घडतं.

कुंपण मजबूत निघालं. २६ ऑक्टोबर १९७४ रोजी टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्ध बर्मिंगहॅमच्या मैदानावर खेळताना कोसळला आणि मानेखालून लुळा झाला. विद्यापीठाने जेमतेम नऊ महिने त्याची वैद्यकीय बिलं भरली आणि मग हात आखडता घेतला. वॉल्ड्रेपने १९९० च्या दशकात दावा लावला. भरपाई आयोगाने त्याच्या बाजूने कौल दिला, पण विमा कंपनी लढत राहिली, ज्यूरीने उलटा निर्णय दिला आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने प्रकरण बंद केलं. शिष्यवृत्तीवर त्याने कर भरला नव्हता आणि फुटबॉल सोडला असता तरी ती त्याच्याकडे राहिली असती, सबब तो नोकर नव्हता.

यातला एक तपशील सहसा सुटतो. वॉल्ड्रेप पडला त्याच्या आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, एनसीएएने चार वर्षांची शिष्यवृत्ती रद्द करून ती दरवर्षी नव्याने द्यायची केली होती. म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी नोकर नसल्याचा युक्तिवाद कायम राहिला आणि खेळ उतरला की शिष्यवृत्ती थांबवण्याची मुभाही कोचच्या हाती आली. गरज सरो, वैद्य मरो. कॉलेजांना पुन्हा बहुवर्षीय शिष्यवृत्ती देता यायला २०१२ साल उजाडलं.

शरीराची जबाबदारी अशी झटकली गेली. शिक्षणाची जबाबदारी तरी कॉलेजची होती ना? विद्यार्थी म्हणता, तर शिकवा.

केव्हिन रॉसचा खटला यासाठी मुळातून वाचावा असा आहे. कॅन्सस सिटीचा हा उंचापुरा मुलगा १९७८ मध्ये नेब्रास्कातल्या क्रेटन विद्यापीठात बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर आला. प्रवेश परीक्षेत तो अगदी तळाला होता; त्याच्याबरोबर प्रवेश घेणारा सरासरी विद्यार्थी कितीतरी पुढे होता, आणि विद्यापीठाला हे ठाऊक होतं. चार वर्षांत त्याला पदवीसाठी लागणाऱ्या १२८ पैकी ९६ क्रेडिट मिळाले. त्यातले बरेचसे नेमबाजी आणि ‘बास्केटबॉलचा सिद्धान्त’ असल्या विषयांचे. १९८२ मध्ये त्याची खेळायची पात्रता संपली तेव्हा त्याचं भाषाज्ञान चौथीतल्या मुलाइतकं आणि वाचन सातवीतल्या मुलाइतकं होतं. मग शिकागोतल्या वेस्टसाइड प्रिपरेटरी या शाळेत तो प्राथमिकच्या मुलांसोबत वर्गात बसला. फी क्रेटननेच भरली, पण एक वर्ष. पुढे त्याने रूझवेल्ट विद्यापीठात नाव घातलं, ते पैशाअभावी सुटलं. १९८७ मध्ये शिकागोतल्या एका मोटेलच्या खोलीत त्याने स्वतःला कोंडून घेतलं आणि खोलीतलं सामानसुमान खिडकीतून खाली फेकलं. आपल्याशी वाईट वागलेले क्रेटनचे लोकच त्याला त्या सामानात दिसत होते, अशी नोंद निकालपत्रात आहे.

त्याने १९८९ मध्ये दावा लावला. १९९२ मध्ये सातव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचा विभाग) अपील न्यायालयाने जो निकाल दिला, तो आजही या विषयातला पायाचा दगड मानला जातो. न्यायालय म्हणालं, शिक्षण निकृष्ट होतं म्हणून कॉलेजवर हलगर्जीपणाचा खटला चालवता येणार नाही. शिकवणं चांगलं की वाईट हे न्यायाधीशांनी ठरवायचं म्हटलं, तर त्याला अंतच राहणार नाही. पण शिकवणीची आणि अभ्यासात सहभागी होण्याची संधी देण्याचं ठोस वचन देऊन ते अजिबातच पाळलं नसेल, तर तो करारभंग ठरू शकतो. फट बारीक होती, पण होती. रॉसने पुढे ३०,००० डॉलरवर तडजोड केली, त्यामुळे त्या फटीतून किती उजेड येतो हे त्याच्या खटल्यात तरी कळलं नाही. मला या निकालात खटकतं ते असं: कोणते विषय घ्यायचे, सराव किती वाजता, कोणता तास बुडवायचा, हे सगळं व्यवहारात क्रीडा विभाग ठरवतो. ताबा पूर्ण, आणि हिशेब मागितला की मात्र शैक्षणिक स्वायत्तता आठवते.

मुलाची स्वतःची काहीच जबाबदारी नाही का? हा आक्षेप रास्त आहे, आणि लेन बायसच्या प्रकरणात तो सर्वांत तीव्रपणे पुढे येतो. मेरीलँड विद्यापीठाच्या बायसला १७ जून १९८६ रोजी बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक बास्केटबॉल संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. १९ जूनला सकाळी तो कोकेनने गेला, वय २२. कोणी त्याच्या घशात ते कोंबलं नव्हतं. त्याच्यासोबत असलेल्या ज्या मित्रावर खटला भरला, तो १९८७ मध्ये निर्दोष सुटला. पण चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली: चार वर्षं खेळून पात्रता संपवलेल्या बायसला पदवीसाठी अजून २१ क्रेडिट कमी होते. या उणिवेचा कोकेनशी काही संबंध नव्हता. तो जगला असता आणि पहिल्याच हंगामात गुडघा गेला असता, तरी ती उणीव होतीच. त्या वर्षीच्या गदारोळात या दोन गोष्टी एकात एक मिसळल्या. क्रीडा संचालकांना आणि प्रशिक्षक लेफ्टी ड्रिसेल यांना पद सोडावं लागलं. काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) ऑक्टोबरमध्ये अमली पदार्थविरोधी कायदा केला, त्यात ५ ग्रॅम क्रॅकला (ओढायच्या, खड्यांच्या रूपातल्या कोकेनला) आणि ५०० ग्रॅम पावडर कोकेनला सारखीच, किमान पाच वर्षांची शिक्षा. त्याचा फटका पुढची कित्येक वर्षं मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांना बसला, बायसने घेतलेलं कोकेन पावडर असूनही.

एनसीएएचा स्वतःचा उपाय म्हणजे प्रवेशाची अट कडक करणं. १९८६ पासून लागू झालेल्या ‘प्रपोझिशन ४८’ नुसार ठरावीक गुण नसतील तर पहिल्या वर्षी खेळता येत नव्हतं. तिच्या पुढच्या आवृत्तीने अशा मुलाची शिष्यवृत्तीही काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन जानेवारी १९८९ मध्ये सामना सुरू होण्याआधीच मैदान सोडून निघून गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शाळांनी केलेल्या हयगयीची शिक्षा गरीब मुलाला का?

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तर तास न होणारे कागदी वर्ग १८ वर्षं चालले, ३,१०० हून अधिक विद्यार्थी त्यातून गेले आणि त्यात जवळपास निम्मे खेळाडू होते. तिथल्या माजी खेळाडूंनी दावा केला तेव्हा एनसीएएने न्यायालयात सांगितलं की सदस्य विद्यापीठांच्या अभ्यासक्रमाचा दर्जा राखण्याचं कायदेशीर कर्तव्य आमचं नाही. २०१७ मध्ये संघटनेने त्या वर्गांबद्दल विद्यापीठाला शिक्षाही केली नाही, कारण ते सगळ्या विद्यार्थ्यांना खुले होते.

‘जबाबदारी आमची’ हे वाक्य अधिकृतपणे उच्चारलं गेलं ते पुन्हा मेरीलँडमध्येच. मे २०१८ मध्ये १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेर सरावात उष्माघाताने कोसळला. त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवलं असतं तर शरीर झटपट थंड झालं असतं; ते केलं गेलं नाही, आणि पंधरा दिवसांनी तो गेला. कुलप्रमुख वॉलेस लोह यांनी ऑगस्टमध्ये कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. तरीही ३० ऑक्टोबरला नियामक मंडळाने प्रशिक्षकाला कायम ठेवा असं सुचवलं. विद्यार्थी आणि लोकप्रतिनिधी खवळले, आणि दुसऱ्या दिवशी लोह यांनी त्याला काढलं. २०२१ मध्ये कुटुंबाला ३५ लाख डॉलर देऊन दावा मिटला.

त्यानंतरच्या बातम्या पैशाच्या आहेत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादेबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात एनसीएएला एकमताने हरवलं आणि त्याच जुलैपासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिराती घेऊ लागले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस तडजोडीने (हाउस हे दावा लावणाऱ्या खेळाडूचं आडनाव) सुमारे २८० कोटी डॉलरची मागील भरपाई ठरवली आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंमध्ये २.०५ कोटी डॉलरपर्यंत थेट वाटायची परवानगी दिली. त्यामानाने कमी गाजलेला बदल ऑगस्ट २०२४ चा. वरच्या विभागातल्या विद्यापीठांना आता खेळ खराब झाला म्हणून शिष्यवृत्ती काढता येत नाही आणि खेळताना झालेल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च बाहेर पडल्यावर किमान दोन वर्षं द्यावा लागतो. रॉसच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं म्हणजे, अर्धवट राहिलेली पदवी दहा वर्षांच्या आत पुरी करायला मदत मिळते.

खेळाडू नोकर आहे की नाही, हे मात्र हाउस तडजोडीने मुद्दाम बाजूला ठेवलं. त्यावरचा जॉन्सन खटला वेगळा आहे. जुलै २०२४ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या न्यायालयाने सांगितलं की कॉलेजचा खेळाडू नोकर असू शकतो, ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हटल्याने तो दावा आपोआप फेटाळला जात नाही. कोणत्या कसोटीवर ते ठरवायचं हेही त्यांनी सांगितलं आणि प्रकरण पेनसिल्व्हेनियातल्या खालच्या न्यायालयाकडे परत पाठवलं.