फुप्फुसगाठींचे सीटी निदान

फुप्फुसात आढळलेली गाठ सौम्य आहे की कर्करोगाची, याचा सीटी स्कॅनच्या प्रतिमांवरून अंदाज बांधण्याची पद्धत. चहूबाजूंनी फुप्फुसाच्या ऊतकाने वेढलेल्या, ३ सेंमी.पर्यंत व्यासाच्या व साधारण गोलसर छायेला गाठ (नोड्यूल) म्हणतात. त्याहून मोठी छाया कर्करोगाची असण्याचा संभव इतका वाढतो की तिचा विचार वेगळा करतात.

कडा व आकार : गाठीपासून आसपासच्या ऊतकात किरणांसारख्या रेषा पसरलेल्या असतील, म्हणजे कडा काटेरी असेल, तर कर्करोगाची शंका बळावते. गुळगुळीत कडेवर मात्र विसंबता येत नाही. इतर अवयवांतून फुप्फुसात पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी बहुधा गुळगुळीतच असतात. फुप्फुसखंडांमधील भेगेला चिकटलेली, लहान, त्रिकोणी वा चपटी गाठ बहुतेक वेळा साधी लसीका ग्रंथी निघते.

घनता : पाण्यासाठी ० व हवेसाठी उणे १००० या हाउन्सफील्ड मोजपट्टीवर गाठीची घनता मोजतात. १९८० मध्ये सीगलमन व सहकाऱ्यांनी १६४ एककांहून अधिक घनता हे सौम्यतेचे लक्षण सुचविले; पण निरनिराळ्या यंत्रांवर तोच आकडा जुळेना, म्हणून तुलनेसाठी कृत्रिम प्रतिकृती वापरण्याची पद्धत काही काळ चालली. आता १ मिमी.च्या आसपास जाडीच्या छेदांत कॅल्शियम डोळ्यांनाच दिसते. ते गाठभर, केंद्रस्थानी, थराथरांत किंवा मक्याच्या लाहीसारखे साचलेले असल्यास गाठ सौम्य मानतात. एका बाजूला किंवा ठिपक्याठिपक्यांनी साचलेले असल्यास निर्णय लागत नाही. अस्थिकर्करोग झालेल्या रुग्णास हा नियमच लागू नाही, कारण त्याच्या पसरलेल्या गाठींतही कॅल्शियम असू शकते. गुळगुळीत गाठीत चरबी (सुमारे उणे ४० ते उणे १२० एकके) स्पष्ट दिसल्यास हॅमार्टोमा (एक सौम्य गाठ) समजतात. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, प्रतिमेत उजळ दिसणारे औषध) दिल्यावर घनता १५ एककांपेक्षा कमी वाढणे हेही सौम्यतेकडे झुकणारे लक्षण होय. उलट, अधिक वाढ झाली म्हणून कर्करोग ठरत नाही. सक्रिय दाहातही ती दिसते.

वाढीचा वेग : घन स्वरूपाच्या कर्करोगी गाठीचे घनफळ दुप्पट होण्यास सर्वसाधारणपणे सुमारे २० ते ४०० दिवस लागतात. दोन वर्षे न वाढलेली घन गाठ सौम्य, हा नियम पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. त्याचे मूळ १९५० च्या दशकात गुड व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत शोधतात. ते अभ्यास साध्या क्ष-किरण चित्रांवरचे होते, हे नियम सांगताना सहसा गाळले जाते. १९९७ मध्ये यांकेलेविट्झ व हेन्श्के यांनी ती मूळ आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा वाढ न दिसलेल्या गाठींपैकी सुमारे ६५ टक्केच सौम्य ठरत असल्याचे आढळले. नियम सोयीचा आहे, पण फेरतपासणीचे हे मत अधिक ग्राह्य वाटते. अडचण मोजमापाचीही आहे. घनफळ दुप्पट होते तेव्हा व्यास सुमारे २६ टक्केच वाढतो; ५ मिमी.ची गाठ ६·३ मिमी. होते. एवढा फरक दोन तपासनिसांच्या मोजणीतही पडतो. त्यामुळे दोन्ही स्कॅन सारख्याच पद्धतीने व पातळ छेदांत काढून, शक्य तेथे घनफळच मोजतात.

अर्धघन गाठी : ज्या धूसर छायेतून रक्तवाहिन्या दिसत राहतात, तिला ग्राउंड ग्लास (धूसर काचेसारखी छाया) म्हणतात. तिच्यात घन भागही असल्यास गाठ अंशतः घन होय. हेन्श्के यांच्या २००२ मधील चाळणी-अभ्यासात (लक्षणे नसलेल्यांच्या तपासणीत) अंशतः घन गाठींपैकी ६३ टक्के, निव्वळ ग्राउंड ग्लास गाठींपैकी १८ टक्के, तर पूर्ण घन गाठींपैकी ७ टक्के कर्करोगी निघाल्या. अर्धघन गाठी सावकाश वाढत असल्याने दोन वर्षांची मर्यादा येथे अपुरी पडते. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या प्रतिमानिदानातील तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या शिफारशींत ६ मिमी. वा अधिक आकाराच्या ग्राउंड ग्लास गाठीवर ५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्यास सांगितले आहे, ६ मिमी.हून लहान एकट्या घन गाठीला, धोका कमी असल्यास, नित्य फेरतपासणी सांगितलेली नाही. पस्तिशीच्या आतील व्यक्ती, प्रतिकारशक्ती घटलेले व आधीच कर्करोग असलेले रुग्ण या शिफारशींत येत नाहीत.

क्षयरोग : क्षयाची गाठ बहुधा वरच्या खंडात होते, कधी तिच्या कडाही काटेरी असतात, म्हणजे कर्करोगाची दोन खुणेची लक्षणे तिच्यातही भेटतात. शेजारी बारीक उपगाठी दिसल्यास क्षयाकडे कल जातो. पेट स्कॅनमध्येही (पेशींची ग्लुकोज वापरण्याची क्रिया दाखवणाऱ्या तपासणीत) कर्करोगाप्रमाणे सक्रिय क्षय उजळतो. अशा वेळी सुईने ऊतक काढून तपासावे लागते.