विमानातला माल तपासलाच जात नाही का?

‘विमानतळावर झडती फक्त प्रवाशांची होते, त्याच विमानाच्या पोटातून जाणारा व्यापारी माल कोणी पाहतही नाही,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे.

हा समज होणे स्वाभाविक आहे, कारण मालाची तपासणी प्रवाशांच्या नजरेआड, वेगळ्या कार्गो संकुलात होते. प्रत्यक्षात असा माल एकतर विमानात चढण्यापूर्वी तपासावा लागतो, किंवा तो सरकारी सुरक्षा नियामकाने मान्य केलेल्या व्यावसायिकाकडून येऊन वाटेत कोणाचा हात न लागता पोहोचलेला असावा लागतो. ही मान्यता कायमची नसते.

खोके क्वचितच उघडतात, हे मात्र खरे. हापूसच्या पेट्या एक्स-रे यंत्रातून जातात; दाट रचलेल्या मालाची प्रतिमा काळीकुट्ट आली, तर कापडी पट्टी पेटीवर फिरवून स्फोटकांचे अंश शोधतात, श्वान आणतात किंवा हाताने झडती घेतात. निव्वळ मालवाहू विमानांनाही १ जुलै २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी याच चौकटीत आणले आहे.

पडताळणी कागदावर करता येते. निर्यात करणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीकडे मालाची एअर वेबिल, म्हणजे विमानाने माल पाठवल्याची पावती, आणि सुरक्षा घोषणापत्र पाहायला मागावे. त्या घोषणापत्रावर ‘एसपीएक्स’ (SPX) हा संकेत असेल, तर तो माल प्रवासी विमानासाठी सुरक्षित ठरलेला असतो. कोणत्या पद्धतीने तपासले आणि हा दर्जा कोणी, केव्हा दिला, याचेही रकाने घोषणापत्रात असतात.